व्यवसायाचा रकाना

सह्यांसाठी छापलेल्या कागदांचा गठ्ठा सोडला, ताज्या शाईचा वास आला आणि जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमधला एक तिसरा मजला आठवला. तिथल्या वस्तीतलं वाचनालय बंद होणार होतं. मी नुकतीच आलेली विद्यार्थिनी, दारोदार सह्या गोळा करत होते.

दार एका म्हाताऱ्या स्कॉटिश बाईंनी उघडलं. रसायनांच्या कारखान्यातल्या नवऱ्यामागून त्या तिथे आलेल्या. मासे खारवणाऱ्या बायकांवर त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि त्यातली एक मी त्याच वाचनालयात वाचली होती. घरभर ओटच्या लापशीचा करपट वास होता. चष्मा शोधून त्यांनी सही केली आणि व्यवसायाच्या रकान्यात सावकाश लिहिलं, ‘हाउसफ्राऊ’.

“गृहिणी? अहो, तुम्ही लेखिका आहात.”

“लेखिका स्वतःचीच पुस्तकं वाचवायला आली, म्हणतील. गृहिणीला वाचायला पुस्तक हवंय म्हटल्यावर काय बोलणार ते?”

मला पटलं नाही. बायका स्वतःला अशाच पुसून टाकतात, असं मी तेव्हा पत्रकांतून लिहायचे. जिन्यात उभी राहून मी तो शब्द खोडला आणि वर ‘कादंबरीकार’ लिहिलं.

दुसऱ्याच्या अक्षरातली खाडाखोड म्हणून नगरपालिकेच्या कचेरीने त्यांची सही बाद केली. वाचनालय तसंही बंद झालं. मी चिडून आणखी एक पत्रक काढलं: नगरपालिकेने लेखिकेचा आवाज दाबला. दाबला होता, हे खरंच. कुणी, ते मात्र मी चुकीचं छापलं.