फ्रेंच पेटी आणि पिठलं-भाकरी

आमचे वडील, आबा, धडधाकट असताना शेजारणीनं त्यांच्या नावाचं पिठलं करून आणलं, याला एक फ्रेंच माणूस जबाबदार आहे.

त्याचं असं झालं. वय बत्तीस, शेती बारा एकर, नकार सहा. अशा अवस्थेत मला पाटोद्याचं स्थळ आलं. मुलीच्या बायोडाटात लिहिलेलं, ‘आवड : पियानो ऐकणे’. झालं! मी कीबोर्ड आणला आणि मोबाइलवर बघून एका फ्रेंच संगीतकाराची चीज बसवली. गडी लई इरसाल. म्हणे पांढरंच तेवढं खायचा आणि छत्र्यांचा ढीग जमवायचा! पण चीज सोपी. एक सूर दाबायचा, थांबायचं, सुस्कारा सोडायचा, दुसरा दाबायचा. (माझ्या बोटांना एवढंच झेपत होतं.)

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच कीबोर्ड गणपतीच्या स्पीकरला जोडून सराव धरला. आबा मिशा काळ्या करायला सलूनात गेलेले.

अर्ध्या तासात शेजारच्या शांताकाकू दारात. डोळ्याला पदर, हातात पिठलं-भाकरी! मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणतात ना, तो कडू घास.

“आबा कवा गेले रं?”

“आत्ताच की,” मी सूर न सोडता म्हणालो.

“काई तरास?”

“न्हाई, हसत हसत गेले.”

काकूंनी हंबरडा फोडला! मी डोळे मिटून वाजवत होतो. मला वाटलं, काय दाद आहे!

घटकेत अंगण भरलं. तेवढ्यात मुलीसकट पाहुण्यांची जीप आली. मुलीचे वडील गर्दी पाहून खाली मान घालून लोकांत बसले. मागोमाग आबा!

“गर्दी कावून बे? कोण गेलं?”

“तुमी!”

“मी सलूनात गेलतो!”

“मंग ही पेटी कावून रडायलीय?” काकू भडकल्या. “टीवीवर मोठं माणूस गेल्यावर असंच वाजतंय!”

“पोरगं पोरीला खूश करायलंय,” आई कपाळावर हात मारत म्हणाली.

पाहुणे पोह्यांना न शिवता उठले. मला लई वाईट वाटलं. पोरगी मनात भरली होती हो!

वीस दिवसांनी तिच्या वडिलांचा फोन. “सुपारी घेऊन येतो.” आईनं देवापुढं साखर ठेवली, आबांनी मिशा पुन्हा रंगवल्या! ते आले, सुपारी हातात दिली आणि म्हणाले, “आमचे चुलते वारले. उद्या तेरावा हाय. तेवढी ती पेटी घेऊन या. बायकांला रडूच येईना!”

मी गेलो की! मुलगी तिथं असणार होती ना. सगळे रडत असताना ती एकटी माझ्याकडं बघून हसली.

आई म्हणते, मला हसली.