खकनार ते लोधीपुरा : ‘हँग’ झालेल्या जीजीला भेटून आले

भाच्याचा फोन आला, "मावशी, आईला परवा इंदूरला नेतोय, कायमचं. भेटायचं तर ये. पण ओळखणार नाही हां, पूरी सिस्टीम हँग आहे तिची." माझी मोठी बहीण जीजी, तिला हा मशीन म्हणतो! मी पिशवी भरली. मला ती ‘बारके’ म्हणायची, एकदा ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं, बस्स.

खकनारहून सकाळची पहिली बस धरा, खिडकी मिळते. मला मिळाली! दोन्ही बाजूंनी केळी, घड कापून नेलेली, माना टाकून उभी. रस्ता उखडलाय, पाठीला उशी घ्या. बुऱ्हाणपूरला उतरून गरम मावा जिलेबी खाल्ली, पावशेर जीजीला बांधून घेतली. लोधीपुऱ्याला रिक्षावाले वीस मागतात, दहात येतात.

जीजी खाटेवर, केस कापलेले. मी बसले तर सरकून जागा दिली, बसमध्ये परक्या बाईला देतात तशी.

भाचा म्हणाला, "मेमरी फॉर्मॅट झाली, मावशी. कुछ नहीं बचा."

"काय रे मेलं हे फॉर्मॅट?" मी भडकलेच.

त्याची पोरगी पिंकी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. म्हणाली, "आजी, हँग म्हणजे अडकलेलं, ना पुढे ना मागे. फॉर्मॅट म्हणजे पाटी पुसून नव्याने आखणं. आणि चूक दुरुस्त केली की आम्ही ‘पॅच मारला’ म्हणतो ना? जुन्या कॉम्प्युटरांना पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून काम सांगायचे. चुकीचं भोक पडलं की वर कागद चिकटवायचे, तो पॅच. ते पत्ते आले लूमवरून, कापडाच्या मागावरून."

लूमवरून! अहो, जीजीने तीस वर्षं तेच केलं, पत्त्यांना भोकं पाडली. भावजींच्या लूमवर साडीच्या काठाची नक्षी तिच्या पत्त्यांवरून उतरायची.

माळ्यावरचे पत्ते काढायला लावले. धूळ, झुरळं. तिच्या मांडीवर ठेवले. बोट भोकांवरून चालत गेलं, एका ठिकाणी थांबलं.

"हे चुकलंय."

जिलेबीचा पाक लागलेला कागद फाडून तिने भोकावर चिकटवला, अंगठ्याने दाबला. "कितीक महिन्यांनी बोलल्या," सून म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मला केवढा आनंद झाला! लगेच तोंड पुढे केलं. "जीजी, मी कोण?"

तिने नीट बघितलं. "आपण कुठल्या?"

"खकनारच्या."

"लांबून आलात. जेवून जा."

जेवले. शेवभाजी होती, तिखट. दुपारच्या बसने परत.

तुम्ही असं कोणाला भेटायला जाल तर जरूर जा, जिलेबी न्या, पण ‘मी कोण’ विचारू नका. मी विचारलं, चुकलं माझं.

काल इंदूरहून भाच्याचा फोन. जीजी खिडकीच्या जाळीची भोकं बुजवते, पेपरच्या तुकड्यांनी, एक एक. अर्धी खिडकी झाली, खोलीत उजेड येत नाही.

"मावशी, काढून टाकू का?" सिस्टीम-बिस्टीम काही बोलला नाही.

"नको रे," मी म्हटलं. "दिवा लावत जा."