मी खोडलेला चार

मला गणित येतं ही अफवा मीच पसरवली होती. भिलाईच्या कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं रेल मिलमध्ये काढली, आणि रिटायर झाल्यावर कारखान्याच्या वसाहतीत सेक्टरभर सांगत सुटलो की रूळ कापायला मशीन लागत नसे, मी नुसता आकडा सांगायचो आणि लोखंड भिऊन आपोआप तेवढं व्हायचं. शाळेत असताना मास्तर माझ्याकडून पाढे तपासून घेत, हेही सांगायचो. खरं एवढंच, की भंडाऱ्याकडच्या मराठी शाळेत मॅट्रिकच्या गणितात मी काठावर सुटलो, आणि तेही पुढच्या बाकावरचा पोरगा रुंद खांद्यांचा नव्हता म्हणून.

सून गोंदियाकडची. तीही मराठी शाळेतली. नववी झाली आणि आम्ही तिला लग्न करून आणली. हथखोजच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये जागा निघणार होती, अट दहावी पास. तिने ओपन स्कूलचा फॉर्म भरला. बाकीचे विषय तिचे ती करत होती, अडलं ते गणितात. सिविक सेंटरमधल्या पुस्तकांच्या दुकानातून तिने घरी बसून शिकायचं जाडजूड पुस्तक आणलं, तेही हिंदी, कारण पेपरच हिंदीत. मुलगा म्हणाला, "ट्यूशन लावून देतो."

"मी मेलो का?" मी म्हणालो. "हिंदी किताब आन् मराठी डोकं, दोहीच्या मंधात मी हावो ना."

रोज दुपारी आम्ही दोघं बसायचो. ती भाकरी थापावी तशी भराभर उदाहरणं सोडवायची, आणि मी फक्त मान डोलवायचो. मग वर्गसमीकरणं आली. पुस्तकात लिहिलेलं, 'मूल ज्ञात कीजिए'. तिने विचारलं, "मामाजी, मूल म्हंजे काय?"

मला ठाऊक नव्हतं. पण तसं म्हणायला माझी जीभ कधी शिकलीच नव्हती. मराठी शाळेत मूळ संख्या होत्या, दोन, तीन, पाच, सात, ज्यांना एक आणि ती स्वतः सोडून कोणी भाग देऊ शकत नाही. हिंदीवाल्यांना ळ येत नाही, बिचारे ल लिहितात. मी ठोकून दिलं, "मूल म्हंजे आपली मूळ संख्या. उत्तरात जे मूळ असंल ते ठेव, बाकी खोड."

पहिल्या उदाहरणात उत्तरं आली दोन आणि तीन. दोन्ही मूळ. मी मिशीवर हात फिरवला. दुसऱ्यात आली दोन आणि चार.

"चार खोड."

"पण मामाजी, किताबाच्या मागं तं दोनी देल्ले हायेत."

"छापणाऱ्याले काय समजते? दोन दुणे चार. चार मूळ कशी असंल?"

तिने मागचं उत्तर एकदा परत पाहिलं आणि चार खोडला. पुढे एकात चार आणि सहा आली, तिथे मी 'मूल नहीं है' असं लिहायला लावलं. पुस्तकातही एका समीकरणाखाली नेमकं तेच वाक्य होतं, म्हणून तर माझी छाती आणखी फुगली. पुस्तकाच्या मागची उत्तरं मी लाल पेनाने दुरुस्त केली, पानंच्या पानं. छापखान्यावर उपकार केल्यासारखी.

ती गणितात थोडक्या मार्कांनी राहिली. स्टोअरची जागा दुसऱ्या कोणाला गेली. मुलगा म्हणाला, "झालं ना एकदा? आता घर पाह्य." आणि मी? मी विहाराच्या पायरीवर बसून चार लोकांत म्हणालो, "पोरगी गुणाची हाये, पण डोकं गणिताचं नाही." हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोललो. यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

तरी खुमखुमी जाईना. पुस्तक बगलेत मारून सिविक सेंटरच्या त्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर गरजलो, "तुम्हारी किताब में चालीस गलती है." दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून माझी लाल पानं पाहिली.

"ये किसने काटा?"

"हमने."

"अंकल, मूल मतलब जड़. जो संख्या रखने से समीकरण शून्य हो जाए. चार रखके देखिए ना."

जड़ म्हणजे झाडाचं असतं तसं मूळ, मूळ संख्या नव्हे. त्याने बिलाच्या पाठीमागे मांडायला लावलं. चाराचा वर्ग सोळा. त्यातून सहा चोक चोवीस वजा, आठ मिळवले. शून्य. मी परत केलं. परत शून्य. मागे उभ्या असलेल्या शाळेतल्या पोरी तोंडावर दुपट्टा धरून हसत होत्या, आणि मी तिसऱ्यांदा मांडायला बिलाचा कोरा कोपरा शोधत होतो.

घरी येताना रस्ताभर गोष्ट जुळवत होतो, छापखानेवाल्याने माझी माफी मागितली वगैरे. मुलगा जेवत होता, सून वाढत होती. तोंड उघडलं आणि गोष्ट निघालीच नाही.

"चार बरोबर होता," मी म्हणालो. "मलेच समजत नोतं. थे माह्यामुळं राह्यली."

मुलाचा घास हातातच राहिला. सुनेने वरणाची पळी खाली ठेवली. "सहा पण?"

"सहा पण."

ती आत गेली आणि वही घेऊन आली, जेवणं तशीच ठेवून खोडलेले आकडे एकेक करून परत लिहायला लागली. मान वर न करता नवऱ्याला म्हणाली, "फॉर्म परत भरतो मी." मग मला, "मामाजी, या बारीले तुमी दुपारी झोपत जा."

आणि तिने खरंच फॉर्म भरला.

दुसऱ्या दिवशी विहाराच्या पायरीवर मी सगळं सांगितलं, मूळ, मूल, लाल पेन, दुकान. सगळे हसले. एक जण माझ्या पाठीवर थाप मारून बाकीच्यांना म्हणाला, "पाहा, सुनंचं नापास होनं झाकासाठी मानूस सोतावर किती घेते. असा सासरा भेटला पाहिजे."

मी शप्पथ घेतली. ते आणखी हसले.