दादासाठी सोडलेली बॅट

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास घरोघर कोंकणी की मराठी हा वाद पेटलेला असायचा. आमच्या सर्वणच्या वाड्यावर वाद होता तो चेंडू सगळ्यांत लांब मारणारा कोण, याचा. शेजारचे तारवटी काका बोटीवरून सुट्टीला आले होते. अमेरिकेच्या बंदरांत त्यांनी बेसबॉल पाहिला होता. तिथले चेंडू मैदानाबाहेर कसे जातात ते सांगताना त्यांचे डोळे आपोआप मिटत. आम्ही म्हणायचो, काका, आमच्या दादाचा चेंडू माडांवरून गेलेला तुम्ही कुठे पाहिलात?

आता तसा चेंडू कुणालाच दिसणार नव्हता. खाणीवर ट्रकाखाली दादाचा पाय चिरडला होता. वर्षभर तो जनेलापाशी बसून गजांतून समोरच्या कापलेल्या शेतातला आमचा खेळ बघत असे.

धारगळ गावाशी क्रिकेटचा सामना ठरला, तेव्हा त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. एकदा मला मारू द्या, धावायला दुसरा घ्या, म्हणाला. मी तडकलो. फिल्डिंग न करता नुसती बॅट फिरवणारा कसला खेळाडू, असं सगळ्यांदेखत बोललो. दादाने मान जनेलाकडे वळवली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

काका चहात पाव बुडवत होते. शांतपणे म्हणाले, "अमेरिकेत एकलो फकत मारता, फिल्डिंगाक वचना. पण ताच्यासाठी बॉलर आपली बॅट सोडता."

म्हणजे एक जण नुसता मारतो, फिल्डिंगला जात नाही, आणि त्याच्या बदल्यात बॉलर बॅटिंगला उतरत नाही. आमचा बॉलर मीच होतो. बॅटिंगला शेवटून पहिला जायचो आणि दोन धावा काढल्या तरी घरी दहादा सांगायचो. माफी मागणं मला जमत नाही. संध्याकाळी मी माझी बॅट दादाच्या जनेलाला टेकवून ठेवली, एवढंच.

सामन्यात दादा एका पायावर भार देऊन उभा राहिला. दोन चेंडू हुकले. तिसरा वर गेला, माडांच्या वर, उतरत्या उन्हात. तो खाली आलेला मला आठवत नाही. माझ्या आठवणीत तो अजून वरच चढतो आहे. काकांनी त्या वेळी डोळे मिटले नव्हते.

पुढच्याच चेंडूवर दादा बाद झाला आणि आम्ही दोन धावांनी हरलो. त्या दोन मी काढल्या असत्या, असं वाडा अजून म्हणतो. काढल्या असत्याच. दादाने बॅट परत दिली नाही, आणि मी कधी मागितली नाही.