कडेची खुर्ची

घोटावड्यातला आमचा फोटोवाला लग्नाच्या ग्रुप फोटोत प्रत्येक म्हाताऱ्याला कडेच्या खुर्चीत, बाकीच्यांपासून हातभर सुटं बसवतो. "तात्या, मान वर. हितं बघा," म्हणत दोन फोटो जास्तच काढतो. मला ती अदब वाटायची.

वडील गेले, तेव्हा हार घालायला फोटो हवा होता. त्यानं माझ्या मुलीच्या लग्नातला ग्रुप फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि त्यातून वडिलांना अलगद कापून घेतलं. शेजारच्याचा खांदासुद्धा आड आला नाही.

"म्हणून तर सुटं बसवतोय, दादा. ऐन वेळी कुणाकडंच धड फोटो नसतोय."



परवा पुतण्याच्या लग्नात मी मधोमध बसलो होतो. त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"तात्या, तुमी जरा कडंच्या खुर्चीत या."