टायरवर तळवा फिरवणारे जाधव मिस्त्री

जाधव मिस्त्रींची आणि माझी ओळख माझ्या संतापामुळे झाली. निवृत्तीनंतर वर्षभरातच माझी गाडी डावीकडे ओढू लागली. सर्व्हिस सेंटरने दोनदा चाकांची अलाइनमेंट केली. तिसऱ्यांदा तिथला तरुण, मी समोर उभी असताना, माझ्या मुलाला म्हणाला, "सर, गाडी ओके आहे. आंटींचा हात जरा..." कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलेली सभ्यता मी तिथेच ठेवून आले. घरी निखिलने किल्ली मागितली. "आई, आता पुरे. टॅक्सी आहेत ना." मी आठवडाभराची मुदत मागून घेतली.

भोईवाड्यातल्या त्यांच्या गॅरेजात मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. पुढच्या टायरवरून आडवा तळवा फिरवला, मग मला फिरवायला लावला. हात आत नेताना गुळगुळीत, बाहेर आणताना खरखरीत.

"चाक सरळ धावत नाही मॅडम, घासत धावतंय." गाडी उचलून त्यांनी चाकामागचा फाटलेला रबरी बुश दाखवला. "हा असा असताना शंभरदा अलाइनमेंट करा, पहिल्या खड्ड्यात परत तेच."

"मग त्यांना दिसलं कसं नाही?"

"स्क्रीन बघायला वाकावं लागत नाही ना."

बुश बदलल्यावर अलाइनमेंटसाठी त्यांनी मला सीटवर बसवले. रिकामी गाडी कोणी चालवत नाही, चालवणाऱ्याच्या वजनावरच ती जुळवायची, हा त्यांचा नियम.

"वजन विचारू नका हं," मी बजावले.

"मी कशाला विचारू? स्प्रिंग सांगते."

गाडी चांगली वळते ती इंजिनाच्या ताकदीने नव्हे, असे ते सगळ्यांनाच सांगतात. दोन्ही बाजूंचे टायर सारखे हवेत, हवा बरोबर हवी आणि बुश घट्ट हवेत. रुंद चाके बसवायला आलेल्या हौशी मंडळींना ते सरळ परत पाठवतात.

निखिल आल्यावर मिस्त्री आम्हा दोघांना घेऊन शीवपर्यंत गेले. जाताना मी चालवली, येताना त्याने. उतरल्यावर ते म्हणाले, "साहेब, आजारी गाडी होती. आईंचा हात ठीक आहे. ब्रेक तुम्ही जास्त मारता."

निखिलने किल्ली माझ्या हातात ठेवली. मी मात्र विचारले, "आणि उद्या खरंच हात गेला तर?"

"तर किल्ली मीच मागेन. मुलाच्या आधी."

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ते माझ्या शेजारी बसून शीवपर्यंत येतात. मिस्त्रींना त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त ठणठणीत, भरपूर आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही: किल्ली द्यायचीच झाली, तर ती मी त्यांच्याच हातात देणार आहे.