आतलं हँडल

लोणीची अक्षदा मोटार वाहन निरीक्षक झाली, तेव्हा चुलत्यांनी स्टँडवर तिचा फ्लेक्स लावला होता. काम तिचं चोख. बस पास करण्याआधी ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेलं मागचं दार ती स्वतः उघडून बघायची. खाली उभी राहून हँडल ओढायची, दार उघडायचं, मग सही. सगळेच तसं बघायचे.

पुढं तिनंच पास केलेली एक बस मढजवळ पेटली. लोकांनी ते दार बाहेरून एका हिसक्यात उघडलं. आत दाराला टेकून चौघं गेलेली होती. आतलं हँडल जाम होतं. चौकशीत लिहून आलं, दार उघडत होतं. खोटं काय होतं त्यात?

आता अक्षदा प्रत्येक बसमध्ये चढते, शेवटच्या सीटवर बसून डोळे मिटते आणि चाचपडत हँडल शोधते.

“मॅडम, डोळं कशाला मिटता?” परवा एका ड्रायव्हरनं खाली उभं राहून खिडकीतून विचारलं.

“धुरात दिसत नाय, भाऊ.”

दार पहिल्याच धक्क्याला उघडलं. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. तरी ती लगेच उतरली नाही. दार धरून बाजूला सरली आणि आधी त्या चौघांना उतरू दिलं.